जांभळी मूत्रपिशवी लक्षणसमूह

जांभळी मूत्रपिशवी लक्षणसमूह ही दीर्घकाळ मूत्रनलिका बसविलेल्या रुग्णांमध्ये आढळणारी एक विरळ स्थिती आहे. या स्थितीत मूत्र साठविण्याची प्लास्टिकची पिशवी आणि तिला जोडलेली नळी काही तासांत किंवा दिवसांत निळी, जांभळी अथवा जांभळट लाल होते. इंग्रजीत ही स्थिती ‘पर्पल युरिन बॅग सिंड्रोम’ या नावाने ओळखली जाते. अन्नातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीरात तयार होणाऱ्या एका रंगहीन पदार्थाचे मूत्रातील जीवाणू विघटन करतात आणि त्यातून इंडिगो व इंडिरुबिन ही रंगद्रव्ये निर्माण होतात. पिशवीचा जांभळा रंग या दोहोंच्या मिश्रणाचा असतो.

हा रंग सहसा स्वतः अपायकारक नसतो. मात्र मूत्रमार्गात जीवाणूंची मोठ्या प्रमाणावर वाढ झाली आहे, याची ती खूण असते. त्यामुळे या स्थितीबाबत दोन प्रकारच्या चुका संभवतात. रक्तस्राव किंवा विषबाधा समजून घाबरून जाणे व अनावश्यक औषधे सुरू करणे ही पहिली, तर रंग निरुपद्रवी आहे असे ऐकून रुग्णाच्या ताप, थंडी, गुंगी यांसारख्या लक्षणांकडे दुर्लक्ष करणे ही दुसरी. अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण व मुख्यतः ग्रामीण जिल्ह्यात अंथरुणाला खिळलेल्या अनेक वृद्धांची शुश्रूषा घरीच होते. पिशवीचा बदललेला रंग तेथे प्रथम घरातील माणसांच्याच दृष्टीस पडतो. म्हणून या स्थितीची माहिती वैद्यकीय वर्तुळाबाहेरही उपयुक्त ठरते.

## पार्श्वभूमी : मूत्रनलिका व मूत्रपिशवी

मूत्राशय आपोआप रिकामे होत नसेल, किंवा रुग्णाच्या मूत्राचे प्रमाण अचूक मोजणे आवश्यक असेल, तर मूत्रमार्गातून मूत्राशयात एक लवचीक नळी घातली जाते. सर्वाधिक वापरली जाणारी नळी अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ‘फोली कॅथेटर’ म्हणून ओळखली जाते. तिच्या टोकाशी असलेला लहान फुगा निर्जंतुक पाण्याने फुगविल्यावर ती मूत्राशयात टिकून राहते. नळीचे बाहेरचे टोक प्लास्टिकच्या पिशवीला जोडलेले असते. महाराष्ट्रातील रुग्णालयांत व औषधांच्या दुकानांत या पिशवीला ‘युरोबॅग’ म्हणतात, तर घरोघरी ‘लघवीची पिशवी’ हाच शब्द रूढ आहे.

पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, पुरःस्थ ग्रंथीची वाढ, खुब्याचे हाड मोडणे, प्रगत स्मृतिभ्रंश इत्यादी कारणांमुळे काही रुग्णांना आठवडे, महिने किंवा वर्षानुवर्षे नळी वापरावी लागते. नळी हा शरीराबाहेरून मूत्राशयात जाणारा खुला मार्ग असल्याने तिच्या पृष्ठभागावर जीवाणू चिकटतात आणि त्यांचा चिकट जैवपटल तयार होतो. नळी बसविल्यानंतर मूत्रात जीवाणू आढळण्याची शक्यता दररोज सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. साधारण महिनाभर नळी राहिल्यास जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या मूत्रात जीवाणू असतात. परंतु मूत्रात जीवाणू असणे आणि जीवाणूंमुळे आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जांभळ्या पिशवीचा अर्थ लावताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

## इतिहास

या स्थितीचे आधुनिक वैद्यकीय साहित्यातील पहिले वर्णन १९७८ मध्ये बार्लो व डिक्सन यांनी ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात केले. पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या आणि शस्त्रक्रियेने मूत्राचा मार्ग वळविलेल्या मुलांच्या पिशव्या जांभळ्या झाल्याचे त्यांना आढळले होते. १९८८ मध्ये डीलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रॉव्हिडेन्सिया स्टुअर्टी आणि क्लेब्सिएला न्युमोनिये हे जीवाणू मूत्रातील इंडॉक्सिल सल्फेटचे विघटन करतात व त्यातून हा रंग निर्माण होतो, असे दाखवून दिले. त्यानंतर अनेक देशांतून अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध झाली. तैवान व जपानमधील वृद्धांच्या शुश्रूषागृहांतील नोंदींचा त्यांत लक्षणीय वाटा आहे. भारतातील विविध राज्यांतूनही अशी रुग्णवृत्ते प्रकाशित झाली आहेत.

निळसर मूत्राच्या नोंदी मात्र यापेक्षा जुन्या आहेत. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या अखेरच्या आजारपणातील वैद्यकीय टिपणांत मूत्राच्या भांड्यावर निळसर कडे दिसल्याचा उल्लेख येतो. १९६६ मध्ये आयडा मॅकअल्पाइन व रिचर्ड हंटर यांनी राजाच्या आजाराचे कारण पोर्फिरिया हा चयापचयाचा विकार असावा असे मत मांडले आणि मूत्राच्या रंगबदलाला त्याचा एक पुरावा मानले. १९९६ मध्ये विल्फ्रेड आर्नल्ड यांनी या निळ्या रंगाचा दुसरा अर्थ सुचविला. राजाला तीव्र बद्धकोष्ठता होती, त्यामुळे मूत्रात इंडिगो तयार झाला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. केवळ रंगावरून रोगनिदान करणे किती अवघड आहे, याचे हे बोलके उदाहरण आहे.

## रंग निर्माण होण्याची प्रक्रिया

पिशवी जांभळी होण्याची प्रक्रिया आतडे, यकृत, मूत्रपिंड आणि मूत्रनलिका अशा चार ठिकाणी क्रमाने घडते.

१. आतडे : ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल दूध, अंडी, मांस, डाळी, शेंगदाणे इत्यादी प्रथिनयुक्त अन्नातून मिळते. त्याचा बराचसा भाग लहान आतड्यात शोषला जातो. न शोषलेला भाग मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जीवाणू त्याचे इंडोल या संयुगात रूपांतर करतात. बद्धकोष्ठतेमुळे मल आतड्यात अधिक काळ राहिला, तर जीवाणूंना या क्रियेसाठी अधिक अवधी मिळतो आणि इंडोलचे प्रमाण वाढते.

२. यकृत : आतड्यात शोषलेले इंडोल रक्तावाटे यकृतात जाते. तेथे प्रथम त्याचे इंडॉक्सिलमध्ये आणि नंतर इंडॉक्सिल सल्फेटमध्ये रूपांतर होते. या पदार्थाला इंडिकन असेही म्हणतात. तो पाण्यात विद्राव्य व रंगहीन असतो.

३. मूत्रपिंड : इंडॉक्सिल सल्फेट मूत्रपिंडांवाटे मूत्रात उत्सर्जित होते. निरोगी व्यक्तीच्या मूत्रातही ते अल्प प्रमाणात असते. मूत्रपिंडांचे कार्य मंदावल्यास ते रक्तात साचते. त्यामुळे दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या अभ्यासातही या पदार्थाला महत्त्व आहे.

४. नळी व पिशवी : काही जीवाणूंकडे सल्फेटेज व फॉस्फेटेज ही विकरे असतात. ती इंडॉक्सिल सल्फेटमधील सल्फेट वेगळे करून इंडॉक्सिल मोकळे करतात. अल्कधर्मी मूत्रात हवेच्या संपर्काने इंडॉक्सिलचे ऑक्सिडीकरण होते आणि इंडिगो व इंडिरुबिन तयार होतात.

इंडिगो निळा असून तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून तो नळी व पिशवीच्या आतील पृष्ठभागावर बसतो. इंडिरुबिन लाल असून ते पिशवीच्या प्लास्टिकमध्ये मुरते. दोहोंच्या प्रमाणानुसार पिशवी निळी, जांभळी किंवा लालसर दिसते. रंगाचा मोठा भाग प्लास्टिकवर असल्यामुळे अनेकदा एक विसंगती आढळते : पिशवी गडद जांभळी असते, पण त्याच वेळी नळीतून आलेले ताजे मूत्र नेहमीसारखे पिवळे असते. निदानासाठी ही विसंगती मोलाची ठरते, कारण रक्तस्रावात ताजे मूत्रच लाल दिसते.

### नीळ आणि इंडिगो

मूत्रपिशवीत तयार होणारा इंडिगो आणि वस्त्रोद्योगातील नीळ हे रासायनिकदृष्ट्या एकच संयुग आहे. नीळ परंपरेने इंडिगोफेरा वंशातील झुडपांच्या पानांपासून मिळविली जाई. ही पाने पाण्यात कुजवली असता त्यांतील रंगहीन पदार्थापासून इंडॉक्सिल मोकळे होते आणि ते पाणी ढवळून हवेशी संपर्क घडविल्यावर निळा गाळ खाली बसतो. पानांतील रंगहीन पदार्थात इंडॉक्सिलला शर्करा जोडलेली असते, तर मानवी मूत्रातील पदार्थात सल्फेट जोडलेले असते. दोन्ही ठिकाणी जोडलेला भाग सुटल्यावरच रंग प्रकटतो. ब्रिटिश काळात नीळ उत्पादनासाठी झालेल्या सक्तीमुळे बिहारमधील चंपारण येथे १९१७ मध्ये महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. इंडिगोची रचना व कृत्रिम निर्मिती यांवर काम करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडॉल्फ फॉन बायर यांना सेंद्रिय रंगद्रव्यांवरील संशोधनासह इतर कार्यासाठी १९०५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

## संबंधित जीवाणू

या लक्षणसमूहाला कोणताही एकच जीवाणू कारणीभूत नसतो. प्रॉव्हिडेन्सिया, क्लेब्सिएला, प्रोटिअस, मॉर्गनेला, एश्चेरिचिया कोलाय, स्यूडोमोनास, सिट्रोबॅक्टर आणि एंटरोकॉकस या गटांतील जीवाणू अशा रुग्णांच्या मूत्रात आढळले आहेत. अनेकदा एकाहून अधिक प्रकारचे जीवाणू एकत्र सापडतात. एकाच जातीच्या सर्व जीवाणूंमध्ये आवश्यक विकरे असतातच असे नाही. म्हणून तोच जीवाणू एका रुग्णाची पिशवी जांभळी करतो, तर दुसऱ्याची करत नाही.

प्रोटिअससारखे काही जीवाणू मूत्रातील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. त्यामुळे मूत्राचा सामू वाढून ते अल्कधर्मी होते आणि रंगनिर्मितीस अनुकूल स्थिती निर्माण होते. अल्कधर्मी मूत्रात क्षारांचे खडे जमून नळी तुंबण्याचा धोकाही वाढतो. तथापि मूत्र आम्लधर्मी असतानाही पिशवी जांभळी झाल्याची उदाहरणे नोंदविली गेली आहेत.

## जोखीम वाढविणारे घटक

पुढील घटक एकत्र आल्यास ही स्थिती उद्भवण्याची शक्यता वाढते :

- दीर्घकाळ बसविलेली मूत्रनलिका
- स्त्रीलिंग; स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड व गुदद्वाराजवळ असल्याने जीवाणूंचा प्रवेश सुलभ होतो
- वार्धक्य व अंथरुणाला खिळलेली अवस्था
- तीव्र किंवा दीर्घकालीन बद्धकोष्ठता
- अल्कधर्मी मूत्र
- मूत्रातील जीवाणूंची मोठी संख्या
- दीर्घकालीन मूत्रपिंडविकार
- शरीरातील पाण्याची कमतरता
- पॉलिव्हिनिल क्लोराइड या प्लास्टिकची नळी व पिशवी

आहारातील ट्रिप्टोफॅनचे अधिक प्रमाण हाही एक घटक सांगितला जातो. तरीही केवळ रंग टाळण्यासाठी अशक्त किंवा वृद्ध रुग्णाचे दूध, डाळी, अंडी बंद करणे योग्य मानले जात नाही. प्रथिनांच्या कमतरतेमुळे शय्याव्रण भरून न येणे व स्नायू क्षीण होणे, हे धोके रंगबदलापेक्षा कितीतरी गंभीर असतात.

## लक्षणे व महत्त्व

बहुतेक रुग्णांना रंगबदलाखेरीज कोणताही त्रास होत नाही. मूत्राला उग्र दर्प येऊ शकतो. रंग कधी एका दिवसात, तर कधी अनेक दिवसांत गडद होतो. पिशवी बदलल्यानंतर तो काही काळ नाहीसा होतो आणि मूळ कारणे कायम असल्यास पुन्हा दिसू लागतो.

काही रुग्णांमध्ये मात्र याच जीवाणूंमुळे लक्षणयुक्त मूत्रमार्गसंसर्ग होतो आणि तो रक्तात पसरू शकतो. मधुमेही, रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेले व अतिवृद्ध रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. पुढील लक्षणे आढळल्यास तातडीच्या वैद्यकीय तपासणीची गरज असते :

- ताप, थंडी वाजणे किंवा अंग असाधारण गार पडणे
- नव्याने आलेली गुंगी, भ्रम किंवा असंबद्ध बोलणे
- ओटीपोटात, कुशीत किंवा जननेंद्रियाच्या भागात वेदना, सूज वा लाली
- रक्तदाब कमी होणे, श्वास किंवा नाडी जलद होणे
- मूत्राचे प्रमाण एकदम घटणे किंवा नळीतून मूत्र येणे थांबणे
- ताज्या मूत्रात रक्त किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसणे

वृद्ध रुग्णांमध्ये गंभीर संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. अन्न नाकारणे, नेहमीपेक्षा अधिक झोपणे किंवा घरच्यांना न ओळखणे एवढेच बदल दिसू शकतात. रुग्णाच्या नित्याच्या अवस्थेची जाण असलेल्या शुश्रूषकाचे निरीक्षण अशा वेळी निर्णायक ठरते.

## निदान

निदान प्रामुख्याने पाहणी व रुग्णाचा पूर्वेतिहास यांवरून होते. नळी केव्हा बसविली, ती शेवटची केव्हा बदलली, शौचास किती दिवसांपासून साफ झाली नाही, कोणती औषधे चालू आहेत, या माहितीवरून बहुतेक वेळा कारण स्पष्ट होते. मूत्राचा सामू पट्टीच्या साहाय्याने तपासला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली लाल रक्तपेशी पाहून रक्तस्रावाची शक्यता पडताळली जाते. रंगद्रव्याची स्वतंत्र रासायनिक तपासणी व्यवहारात सहसा करावी लागत नाही.

संसर्गाची लक्षणे असल्यास मूत्राचे जीवाणुसंवर्धन व प्रतिजैविक-संवेदनक्षमता चाचणी केली जाते. त्यासाठीचा नमुना पिशवीतून घेणे चुकीचे असते. पिशवीत साचलेल्या मूत्रात जीवाणू भरमसाट वाढलेले असतात आणि त्यांवरून मूत्राशयातील स्थितीची खरी कल्पना येत नाही. नळी जुनी असल्यास ती बदलून नव्या नळीतून नमुना घेतला जातो.

### रंगबदलाची इतर कारणे

नळी असलेल्या रुग्णाच्या मूत्राचा रंग अन्य कारणांनीही बदलू शकतो. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे आहेत :

- नारिंगी किंवा तांबूस : क्षयरोग व कुष्ठरोगावरील रिफाम्पिसिन, मूत्रदाह कमी करणारे फेनाझोपायरिडिन. रिफाम्पिसिनमुळे येणारा रंग अपेक्षित व निरुपद्रवी असतो.
- लाल किंवा गुलाबी : रक्तस्राव, बीट, काही पोर्फिरिया विकार.
- गडद तपकिरी : कावीळ, स्नायूंचा मोठ्या प्रमाणावरील नाश, लाल रक्तपेशींचे विघटन, मेट्रोनिडाझोल व नायट्रोफ्युरँटॉइन ही औषधे.
- हिरवा किंवा निळा : मिथिलिन ब्लू, भूल देण्यासाठी वापरले जाणारे प्रोपोफॉल, अमिट्रिप्टिलिन, स्यूडोमोनास जीवाणूंचा संसर्ग.
- दुधी पांढरा : हत्तीरोगातील लसीकामेह, पू किंवा क्षारांचे आधिक्य.
- हवेत ठेवल्यावर काळा पडणारा : अल्काप्टोन्युरिया हा आनुवंशिक विकार.

लहान बालकांचे लंगोट निळे करणाऱ्या ‘ब्लू डायपर सिंड्रोम’ या अत्यंत विरळ विकारातही इंडिगोच तयार होतो. तथापि त्याचे मूळ ट्रिप्टोफॅनच्या शोषणातील जन्मजात दोषात असते आणि त्याचा मूत्रनलिकेशी संबंध नसतो.

## उपचार व व्यवस्थापन

केवळ रंग घालविण्यासाठी उपचार करण्याची आवश्यकता नसते. व्यवस्थापनाचा भर रंग निर्माण करणाऱ्या परिस्थितीवर असतो.

पहिला प्रश्न नळीची अद्याप गरज आहे का, हा असतो. शस्त्रक्रियेच्या किंवा पक्षाघाताच्या वेळी बसविलेली नळी केवळ सोयीसाठी किंवा सवयीने चालू राहिल्याचे अनेकदा आढळते. शक्य असल्यास ती काढणे हा सर्वांत परिणामकारक उपाय असतो. काही रुग्णांसाठी ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची व लगेच नळी काढण्याची पद्धत योग्य ठरते. अमेरिकेतील जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केल्यानंतर ती जगभर रूढ झाली. काही पुरुष रुग्णांमध्ये बाहेरून बसविण्याच्या, निरोधसारख्या आवरणाच्या नळीचाही पर्याय असतो.

नळी आवश्यकच असल्यास ती व पिशवी दोन्ही बदलली जातात. केवळ पिशवी बदलल्याने नळीवरील जैवपटल तसाच राहतो. बद्धकोष्ठतेवर उपचार केले जातात. तंतुमय आहार, पुरेसे पाणी, शक्य तेवढी हालचाल आणि गरजेनुसार लॅक्टुलोजसारखे औषध यांचा त्यात समावेश होतो. इसबगोल घेताना भरपूर पाणी पिणे आवश्यक असल्याने, गिळण्यास त्रास होणाऱ्या किंवा पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिले जात नाही. हृदयविकार व मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांमध्ये पाण्याचे प्रमाणही डॉक्टर ठरवितात.

प्रतिजैविके देण्याचा निर्णय रंगावरून घेतला जात नाही. तो लक्षणांवरून घेतला जातो. लक्षणे नसताना मूत्रात जीवाणू आढळले म्हणून प्रतिजैविके दिल्यास ते जीवाणू काही काळच कमी होतात आणि नळी कायम असल्याने पुन्हा वाढतात. दरम्यान औषधांना न जुमानणारे जीवाणू शिल्लक राहतात. पुढे त्याच रुग्णाला खरोखर गंभीर संसर्ग झाला, तर नेहमीची औषधे निष्प्रभ ठरू शकतात. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रियांपूर्वीचे रुग्ण हे या नियमाचे मान्य अपवाद आहेत.

## नळीची घरगुती निगा

दीर्घकाळ नळी असलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेत पुढील गोष्टींना महत्त्व दिले जाते :

- नळी किंवा पिशवी हाताळण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुणे.
- पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे. मात्र ती जमिनीवर टेकू न देणे. रुग्णाला खाटेवरून खुर्चीवर हलविताना पिशवी पोटावर ठेवल्यास साचलेले मूत्र उलट मूत्राशयात जाऊ शकते.
- नळीला पीळ किंवा मुरड पडू न देणे आणि ती मांडीला सैलसर बांधणे.
- पिशवी सुमारे दोन तृतीयांश भरताच रिकामी करणे.
- नळी व पिशवीची जोड वारंवार न उघडणे.
- नळीभोवतालचा भाग रोज साबण व पाण्याने स्वच्छ करणे. स्त्रियांमध्ये पुढून मागे या दिशेने पुसणे.
- नळी बसविल्याची व बदलण्याची तारीख लिहून ठेवणे. नळीच्या प्रकारानुसार बदलण्याचा कालावधी निराळा असतो. सिलिकॉनची नळी साध्या लेटेक्सच्या नळीपेक्षा अधिक काळ ठेवता येते.

नळी आतून फुग्याने अडकविलेली असल्याने ती घरी ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास मूत्रमार्गाला गंभीर इजा होते. ती प्रशिक्षित व्यक्तीनेच काढणे किंवा बदलणे आवश्यक असते.

## अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा सुमारे १७,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ४५ लाख असून तिच्यातील जवळजवळ चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात १४ तालुके आहेत. अकोल्याच्या डोंगराळ भागापासून जामखेड–कर्जतच्या अवर्षणप्रवण पट्ट्यापर्यंत भूप्रदेश व दळणवळणाची स्थिती भिन्न आहे. जिल्हा रुग्णालय अहिल्यानगर शहरात आहे. राहाता तालुक्यातील लोणी येथे १९८४ मध्ये सुरू झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व प्रवरा रुग्णालय, तसेच शहराजवळील विळद घाट येथील डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय ही तज्ज्ञ सेवेची अन्य केंद्रे आहेत.

अशा जिल्ह्यात नळी बसविण्याचे काम बहुधा रुग्णालयात होते, परंतु तिची पुढील निगा वाडीवस्तीवरील घरात राखावी लागते. नळी बदलण्यासाठी अंथरुणावरील रुग्णाला वाहनाने तालुक्याच्या ठिकाणी नेणे खर्चाचे व त्रासाचे असते. त्यामुळे ठरलेली तारीख पुढे ढकलली जाते आणि नळी अपेक्षेपेक्षा अधिक काळ राहते. उन्हाळ्यात तीव्र उष्मा व पाणीटंचाई यांमुळे वृद्धांचे पाणी पिणे घटले, तर बद्धकोष्ठता व मूत्रसंसर्ग या दोहोंना वाव मिळतो. वारंवार उठवण्याचा त्रास घरच्यांना नको, म्हणून वृद्ध स्वतःहून पाणी कमी पितात, हेही ग्रामीण शुश्रूषेतील परिचित वास्तव आहे. जांभळ्या पिशवीला पोषक ठरणारे बहुतेक घटक येथे एकत्र येऊ शकतात.

याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची स्थापना केली. गावातील, बहुधा अल्पशिक्षित, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षित करणे हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य ठरले. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाचा मूळ भर माता व बालकांचे आरोग्य, पोषण, पाणी आणि कुष्ठरोग व क्षयरोग यांवर होता. साधी पण नेमकी माहिती गावातील व्यक्तीच्या हाती दिल्यास आजार वेळेत ओळखता येतो, हे त्यातून दिसून आले. नळी असलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेलाही हेच तत्त्व लागू होते. पिशवी जांभळी झाल्यास प्रथम रुग्णाची स्थिती पाहणे, ताजे मूत्र कोणत्या रंगाचे आहे ते तपासणे, शौचाची व नळी बदलण्याची तारीख आठवणे, या गोष्टी कोणत्याही उपकरणाविना घरी करता येतात. रुग्ण स्वस्थ असल्यास नजीकच्या आरोग्य केंद्रात नळी बदलून घेणे पुरेसे ठरू शकते. गंभीर लक्षणे असल्यास महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

## रोगाचा पुढील प्रवास

नळी व पिशवी बदलल्यानंतर आणि बद्धकोष्ठता दूर झाल्यावर रंग सहसा नाहीसा होतो. नळीची गरज कायम राहिल्यास तो पुन्हा उद्भवू शकतो. पुनरुद्भव म्हणजे उपचार फसले असा अर्थ होत नाही. रुग्णाचे भवितव्य रंगावर नव्हे, तर त्याच्या मूळ आजारांवर, वयावर व संसर्गाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. वारंवार होणारा रंगबदल हा नळीची आवश्यकता, आतड्याची स्थिती आणि शुश्रूषेची पद्धत यांचा फेरविचार करण्याचा संकेत मानला जातो.